वाचक विचारतात : मुक्काम मेस्त्रेत, तर तिथे पाहायचं काय?

सुट्टीचे बेत ठरायला लागले की पत्रांत एक प्रश्न हमखास येतो. हॉटेल व्हेनिसचं म्हणून घेतलं आणि पत्ता निघाला पुलाअलीकडच्या, जमिनीवरच्या मेस्त्रेचा, आता काय करायचं? मी याच गावात राहते, वीया पियावे या रस्त्याला लागून असलेल्या एका गल्लीत, म्हणून या वेळी सगळी जागा मेस्त्रेच्या प्रश्नांनाच दिली आहे.

नाशिकहून एक निवृत्त शिक्षिका : आम्ही चार मैत्रिणी मे महिन्यात येतोय. व्हेनिससाठीच्या तीन रात्री मेस्त्रेत आहेत. टूरवाले म्हणतात, मेस्त्रे ही फक्त झोपायची जागा, तिथे बघण्यासारखं काही नाही. हे खरं आहे का? अर्धा दिवस मोकळा मिळाला तर काय पाहावं?

ताई, खरं नाही. टूरवाल्यांनी तुमच्यासाठी ठरवून टाकलं, एवढंच.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. मेस्त्रे १९२६ पासून व्हेनिसच्याच महापालिकेत आहे. १९५१ साली पाण्यातल्या जुन्या व्हेनिसमध्ये सुमारे १ लाख ७५ हजार माणसं राहत होती. आज तिथे ५० हजारसुद्धा उरलेली नाहीत. आणि जमिनीवरच्या भागात, म्हणजे मेस्त्रे, मार्गेरा आणि आसपासच्या वस्त्यांत, आता जवळपास तेवढीच, पावणेदोन लाखांच्या घरात माणसं आहेत. तळमजल्यांतली ओल, न परवडणारी घरं, पलीकडे पोर्तो मार्गेरा या बंदरात मिळणारं कारखान्यातलं काम, आणि ४ नोव्हेंबर १९६६ चा पूर, ज्यात पाणी १९४ सेंटिमीटरपर्यंत चढलं होतं : अशा अनेक कारणांनी माणसं पूल ओलांडून इकडे आली. व्हेनिसमध्ये तुम्हाला दगडी बाल्कन्या दिसतील. त्या बाल्कन्यांत एकेकाळी वाळत घातलेले कपडे ज्यांचे होते, त्यांची नातवंडं तुम्हाला मेस्त्रेत सायकलवरून शाळेत जाताना दिसतील. व्हेनिस नीट समजून घ्यायचं असेल तर अर्धा दिवस इकडे द्यायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे.

सकाळी पियात्सा फेरेत्तोपासून सुरुवात करा. स्टेशनवरून चालत वीसएक मिनिटं लागतात. गावाचा हा मुख्य चौक, वाहनांना बंदी, दोन्ही बाजूंना कमानी आणि त्यांच्याखाली कॅफे. एर्मिनिओ फेरेत्तो हा फॅसिस्टांविरुद्ध लढलेला इथला तरुण, आधी स्पेनच्या यादवी युद्धात आणि मग इथे. १९४५ च्या फेब्रुवारीत तो मारला गेला. चौकाला त्याचं नाव आहे. चौकाच्या टोकाला घड्याळाचा विटांचा मनोरा आहे, तोरे चिविका. मध्ययुगात मेस्त्रेला तटबंदी होती, तिचा हा उरलेला मनोरा. अशा आणखी एका मनोऱ्याला, तोरे बेल्फ्रेदोला, १९ व्या शतकात पाडून टाकलं. त्याचं नाव आता फक्त रस्त्याला उरलंय. सान लोरेन्झोचं चर्च १८ व्या शतकाच्या अखेरीचं, आत शांत आणि उजेडाचं. दहा मिनिटं बाकावर बसा, पण त्यासाठी वाट वाकडी करू नका. व्हेनिसमध्ये त्याहून मोठी चर्चं पाहणारच आहात.

चौकातून एक काचेच्या छताची गल्ली निघते, गालेरिया मात्तेओत्ती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मेस्त्रेला आपण मोठं शहर होणार असं वाटत होतं, त्या काळातलं हे बांधकाम. शेजारचं तोनिओलो नाट्यगृहही त्याच काळातलं, १९१३ चं. कॉफी इथेच घ्या, काउंटरपाशी उभ्याने. बसून घेतली की बऱ्याच ठिकाणी दर वाढतो, आणि तो फरक व्हेनिसमध्ये फार मोठा असतो.

मग वीया पोएरिओकडे वळा. मेस्त्रेतून मार्झेनेगो नावाची छोटी नदी वाहते. गेल्या शतकात मोटारींसाठी तिचा बराच भाग झाकला गेला. वीया पोएरिओवरचं झाकण अलीकडे काढलं आणि पाणी पुन्हा उघडं केलं. आता तिथे कठड्यावर कोपरं टेकून लोक गप्पा मारत उभे असतात. रस्त्याला ज्याचं नाव आहे तो अलेस्सांद्रो पोएरिओ कवी होता. २७ ऑक्टोबर १८४८ ला व्हेनिसमधून निघालेल्या स्वयंसेवकांनी ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या मेस्त्रेवर हल्ला केला, त्यात तो जबर जखमी झाला आणि काही दिवसांतच गेला. त्या चढाईचा स्मारकस्तंभ थोडं पुढे पियात्सा बार्केत आहे. चौकाचं अधिकृत नाव २७ ऑक्टोबर असंच आहे. पण मेस्त्रेत कोणालाही विचाराल तर पियात्सा बार्के म्हणून विचारा, कारण इथवर एकेकाळी होड्या यायच्या. १४ व्या शतकात खणलेला कनाल साल्सो हा कालवा खाजणातून थेट इथे पोहोचतो. आगगाडीचा पूल व्हायच्या आधी व्हेनिसला जाणाऱ्या कितीतरी माणसांनी आणि मालाने जमीन इथेच सोडली.

हाच कालवा धरून खाजणाच्या दिशेने गेलात की फोर्ते मार्गेरा लागतो. चालत अर्धा तास पुरे. तुमच्या अर्ध्या दिवसातला सगळ्यात जास्त वेळ मी या किल्ल्याला देईन. ऑस्ट्रियनांनी १८०५ च्या सुमारास बांधायला घेतला, नेपोलियनच्या फ्रेंचांनी पुरा केला. ताऱ्याच्या आकाराचे मातीचे तट, भोवती पाण्याचे खंदक. उंच बुरूज शोधू नका. तोफांच्या काळातला किल्ला आहे, जमिनीला चिकटून बसलेला. १८४८ च्या मार्चमध्ये व्हेनिसने ऑस्ट्रियाची सत्ता झुगारून दानिएले मानीनच्या नेतृत्वाखाली प्रजासत्ताक जाहीर केलं, तेव्हा जमिनीकडून शहराचं रक्षण करणारा हाच किल्ला होता. १८४९ च्या मे महिन्यात जवळजवळ तीन आठवडे त्याच्यावर तोफांचा मारा झाला. २६ मेच्या रात्री शिबंदी बाहेर पडली आणि मागे हटताना आगगाडीच्या पुलाच्या कमानी उडवल्या. शहर पुढे ऑगस्टपर्यंत झुंजलं. उपासमार आणि कॉलरा आला तेव्हा कुठे शरण गेलं. विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत हे आवार लष्कराकडे होतं. आता दारूच्या जुन्या कोठारांत चित्रं आणि शिल्पं मांडतात, झाडांखाली टेबलं टाकलेली असतात, लहान मुलं तटावरून गडगडत खाली येतात. मांजरांची इथे मोठी वसाहत आहे आणि तिची काळजी घेणारे स्वयंसेवक आहेत. मे महिन्यात या, संध्याकाळच्या आधी, म्हणजे खंदकातल्या पाण्यावर सावली असते.

उजेड असेल तर शेजारच्या सान जुलियानो बागेत जा. ७४ हेक्टरची ही बाग २००४ मध्ये उघडली. त्याआधी तिथे कारखान्यांचा आणि शहराचा कचरा टाकत. तो बंदिस्त करून, वर माती घालून टेकड्या केल्या आहेत. सर्वांत उंच टेकडीवरून खाजण, पूल आणि पलीकडे व्हेनिसचे घुमट आणि मनोरे एका नजरेत येतात. काठावर नौकानयनाची मंडळं आहेत. उभं राहून, पुढे तोंड करून वल्हवण्याची व्हेनिसची पद्धत तिथे सरावात पाहायला मिळते. पर्यटकांना गोंडोलात बसवून नेणारे नव्हेत, कामावरून सुटून आलेली माणसं असतात ती.

पुण्याहून एक दांपत्य : व्हेनिसमध्ये शिरायला आता पैसे भरावे लागतात असं वाचलं. मेस्त्रेत राहणाऱ्यांनाही? आणि रोज ये-जा कशाने करावी?

हा नियम २५ एप्रिल २०२४ पासून सुरू झाला. वर्षातल्या ठरावीक दिवसांपुरता, मुख्यतः वसंत ते उन्हाळ्यातले शनिवार-रविवार (२०२५ पासून शुक्रवारही) आणि सुट्ट्या, सकाळी साडेआठ ते दुपारी चार. २०२५ मध्ये शुल्क ५ युरो होतं आणि ऐन वेळी काढणाऱ्यांना १० युरो. कोणते दिवस, किती शुल्क हे दरवर्षी नव्याने ठरतं, म्हणून निघण्याआधी महापालिकेच्या संकेतस्थळावर पाहाच.

तुमच्यासाठी महत्त्वाचा भाग असा : मेस्त्रे व्हेनिस महापालिकेत असल्याने इथल्या हॉटेलात मुक्काम असलेल्यांना हे शुल्क माफ आहे. मात्र माफी आपोआप मिळत नाही. संकेतस्थळावर आपली नोंद करून सवलतीचा क्यूआर कोड घ्यावा लागतो आणि तो फोनमध्ये किंवा कागदावर जवळ ठेवावा लागतो. पादुआ किंवा त्रेव्हिसोमध्ये राहून दिवसापुरते येणारे पर्यटक मात्र शुल्क भरतात. हॉटेलात माणशी, रात्रीमागे वेगळा पर्यटन कर द्यावा लागतो, तो बहुतेकदा खोलीच्या भाड्यात धरलेला नसतो. वाद घालू नका, तो सगळीकडे आहे.

ये-जा अगदी सोपी. आगगाडीने मेस्त्रेहून सांता लुचियाला दहा-बारा मिनिटं. स्टेशनांच्या नावांकडे लक्ष द्या, दोन्हींच्या आधी 'व्हेनेत्सिया' लागतं : 'व्हेनेत्सिया मेस्त्रे' जमिनीवरचं, 'व्हेनेत्सिया सांता लुचिया' पाण्यातलं. कोणाला सामान घेऊन हॉटेल गाठायचं असतं आणि तो शेवटच्या स्टेशनापर्यंत जाऊन परत येतो. स्टेशनासमोरून २ नंबरची बस पियात्साले रोमाला, म्हणजे व्हेनिसच्या तोंडाशी असलेल्या चौकात, जाते. गावाच्या मध्यावर असाल तर टी-वन ट्राम घ्या. या ट्रामला रबरी टायर आहेत आणि खाली मध्ये एकच रूळ, ते पाहण्यासाठी तरी एकदा बसा. बस-ट्रामचं ७५ मिनिटांचं तिकीट साधारण दीड युरोला पडतं. ते आधी काढा आणि चढल्यावर यंत्राला लावायला विसरू नका. तपासनीस येतात, आणि मला माहीत नव्हतं हे उत्तर चालत नाही.

जाताना आगगाडीत डावीकडे बसा. फोर्ते मार्गेरा आणि सान जुलियानो त्याच बाजूला आहेत, मग खाजण सुरू होतं. आगगाडीचा पूल १८४६ चा, त्याला २२२ कमानी आहेत. मोटारींचा पूल त्याला चिकटून १९३३ मध्ये झाला, त्याचं आजचं नाव पोन्ते देल्ला लिबेर्ता.

कोल्हापूरहून एक मुलगी, वडिलांसाठी : बाबा ७४ वर्षांचे आहेत, गुडघे दुखतात. व्हेनिस झेपेल का?

झेपेल, मात्र चालण्याचा हट्ट सोडावा लागेल. व्हेनिसमध्ये ४०० हून जास्त पूल आहेत आणि जवळजवळ प्रत्येकाला पायऱ्या. सांता लुचिया स्टेशनाच्या बाहेर, पूल न चढता, बोटीचा धक्का आहे. तिथून १ नंबरची बोट घ्या. ती मुख्य कालव्यातून, प्रत्येक धक्क्याला थांबत, व्हेनिसच्या मुख्य चौकापर्यंत, सान मार्कोपर्यंत जाते. पाऊण तासाच्या आसपास लागतो. बाबांना खिडकीशी किंवा पुढच्या उघड्या भागात बसवा आणि राजवाडे समोरून जाऊ द्या. एका फेरीचं तिकीट साडेनऊ युरोच्या घरात आहे, तेव्हा दिवसभराचा पास परवडतो.

एक दिवस बाबांना व्हेनिसऐवजी मेस्त्रेत ठेवा. इथे सगळं सपाट आहे, बाकं भरपूर, ट्राम चौकाजवळून जाते. बुधवारी किंवा शुक्रवारी असाल तर आठवड्याचा बाजार भरतो. भाज्या, चीज, चपला, पडद्यांची कापडं. बाबांना बाजार आवडत असतील तर अख्खी सकाळ जाईल. माझे सासरे आले तेव्हा त्यांनी सगळ्यात जास्त फोटो टोमॅटोंचे काढले होते, आणि ते अजून सगळ्यांना दाखवतात.

ठाण्याहून एक अभियंता : सोबत १५ वर्षांची मुलगी आहे, तिला चर्चांचा कंटाळा येतो. मला स्वतःला कारखान्यांचा इतिहास आवडतो. दोघांना पुरेल असं काही?

एम-नाइन संग्रहालय. डिसेंबर २०१८ मध्ये उघडलं. विषय इटलीचं विसावं शतक. बर्लिनच्या साउअरब्रुख हुटॉन या वास्तुविशारदांनी केलेली इमारत लाल, गुलाबी, राखी चिनीमातीच्या फरश्यांनी मढवलेली आहे आणि शेजारी १६ व्या शतकातला जुना मठ आहे, जो नंतर लष्कराकडे होता. आत काचपेट्यांत मांडलेल्या वस्तू अगदी थोड्या. पडदे, आवाज, प्रोजेक्शन, हात लावून चालवायच्या गोष्टी, यातून घर, जेवण, काम, स्थलांतर, शाळा, निवडणुका समोर येतात. इटलीतले लाखो लोक पोटासाठी देश सोडून गेले, ही गोष्ट तुमच्या मुलीला नवी वाटेल. किमान अडीच तास ठेवा. सोमवारी जाऊ नका, बंद असतं.

तुमच्या आवडीसाठी मार्गेरा. १९१७ मध्ये जुझेप्पे व्होल्पी या उद्योजकाच्या पुढाकाराने खाजणाच्या काठावर बंदर आणि कारखाने उभारायचं ठरलं. कामगारांसाठी 'चित्ता जार्दीनो', म्हणजे झाडांच्या रुंद रस्त्यांची बैठी वसाहत आखली. ती अजून आहे आणि चालायला छान आहे. पुढे आलेल्या रसायनांच्या कारखान्यांनी कामाबरोबर आजारही दिले. गाब्रिएले बोर्तोलोत्सो नावाच्या कामगाराने व्हिनाइल क्लोराइड या प्लास्टिकसाठी लागणाऱ्या रसायनावर काम करणाऱ्या सहकाऱ्यांचे आजार आणि मृत्यू यांची माहिती स्वतः गोळा केली आणि १९९४ मध्ये सरकारी वकिलांकडे दिली. त्यातून मोठा खटला उभा राहिला. २००१ मध्ये सगळे आरोपी सुटले, २००४ च्या अपिलात काहींना दोषी ठरवलं गेलं. मुलीला हेही सांगा. व्हेनिसच्या राजवाड्यांइतकाच हाही या खाजणाचा इतिहास आहे, आणि तो सांगणारी पाटी पर्यटकाला सहसा दिसत नाही. गोदीत आजही मोठी प्रवासी जहाजं बांधतात. व्हेनिसला जाताना आगगाडीच्या उजव्या खिडकीतून क्रेन दिसतात.

सांगलीहून एक गृहिणी : आम्ही शुद्ध शाकाहारी. पाच दिवस पिझ्झावर काढावे लागतील का?

अजिबात नाही. वीया पियावेवर बांगलादेशी किराणा दुकानं आहेत. गोदीतल्या कामामुळे मेस्त्रेत मोठा बांगलादेशी समाज वसला आहे. तांदूळ, मसूर, मूगडाळ, कोथिंबीर, हिरवी मिरची, भेंडी, हळद सगळं मिळतं. स्वयंपाकघर असलेली खोली घेतलीत तर प्रश्नच मिटला. मी स्वतः कढीपत्ता तिथेच घेते.

बाहेर खाताना नेमकं विचारा, कारण इथे 'भाजीचं' म्हटलेल्या पदार्थातही काहीतरी असतं. रिसोत्तो बऱ्याचदा मांसाच्या रश्श्यात शिजवतात, 'ब्रोदो व्हेजेताले' आहे का ते विचारा. 'बीगोली इन साल्सा' नावावरून साधं वाटतं, पण त्या सॉसमध्ये मासे असतात. 'पास्ता ए फाजोली', शेंगदाण्यासारखा नव्हे तर राजम्यासारखा दाणा घातलेलं दाट सूप, त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे असू शकतात. पार्मेझान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारा पदार्थ, असतं, तेव्हा कडक पाळणाऱ्यांनी ते टाळावं. 'पिझ्झा मारिनारा'वर चीज नसतं, फक्त टोमॅटो, लसूण, ओरेगानो. त्रामेझीनो म्हणजे मऊ पांढऱ्या पावाची त्रिकोणी सँडविचं, मेस्त्रेत चांगली मिळतात; अंडं चालत असेल तर अंडं-शतावरीची घ्या. हिवाळ्यात येणार असाल तर त्रेव्हिसोचा लाल राडिक्यो, ही एक पालेभाजी, भाजून खा, किंचित कडसर, लोखंडी तव्यावरचा. नळाचं पाणी पिण्यायोग्य आहे, बाटल्या विकत घेऊ नका.

औरंगाबादहून एक वाचक : मी एकटी येतेय. मेस्त्रे स्टेशनाचा भाग सुरक्षित नाही असं ऐकलं.

स्टेशनाच्या आसपास आणि वीया पियावेच्या काही टोकांना रात्री उशिरा नशेबाज दिसतात, हे खरं. मी याच रस्त्यावरून रोज जाते. दिवसा काही अडचण नाही. रात्री अकरानंतर मुख्य रस्ता सोडू नका, स्टेशनात पाकीट आणि पासपोर्ट अंगावर ठेवा, आणि फोन हातात धरून पत्ता शोधत फुटपाथवर उभ्या राहू नका, दुकानात शिरा आणि विचारा. हॉटेल निवडताना पियात्सा फेरेत्तोच्या बाजूचं किंवा ट्रामच्या थांब्याजवळचं घ्या. संध्याकाळी तिकडे कुटुंबं, म्हातारी माणसं, मुलं रस्त्यावर असतात.

रत्नागिरीहून एक वाचक : मेस्त्रेहून आणखी एक दिवसाची सहल करायची तर?

पादुआ. आगगाडीने अर्धा तास. स्क्रोव्हेन्यी चॅपेलमधली चित्रकार जोत्तोची १४ व्या शतकाच्या सुरुवातीची भित्तिचित्रं पाहा. तिथे एका वेळी मोजक्याच लोकांना सोडतात, म्हणून तिकीट आधीच आरक्षित करा, तिथे जाऊन मिळेल या भरवशावर राहू नका. दुसरा दिवस असेल तर ब्रेंता कालव्याकाठच्या हवेल्या. त्यांतली वास्तुविशारद पाल्लादिओने बांधलेली 'माल्कोन्तेंता' मेस्त्रेपासून अगदी जवळ आहे, पण ती हंगामात आणि ठरावीक दिवशीच उघडते, तेव्हा आधी चौकशी करून जा.